कोऱ्या नळीतली निळी चमक

एकोणीस वर्षं मी तळोज्याच्या एका रंगांच्या कारखान्यात काम केलं, आणि तिथे आम्ही जो माल बनवायचो त्याला म्हणावा तसा रंगच नव्हता. दिसायला फिकट पिवळी पूड. पाण्यात टाकली की जवळजवळ दिसेनाशी व्हायची. पण त्या पाण्यात बुडवलेलं कापड उन्हात धरलं की इतकं पांढरं दिसायचं की डोळे बारीक करावे लागत. शर्टाच्या कापडात, वहीच्या कागदात, कपडे धुण्याच्या पावडरीत ही पूड असते. उन्हातला जो उजेड आपल्याला दिसत नाही तो ती शोषून घेते आणि त्याच्या बदल्यात निळसर उजेड बाहेर टाकते. आमच्या आया कपड्यांना नीळ द्यायच्या, त्याचीच ही पुढची पायरी. कारखान्यात तिला सगळे ब्राइटनर म्हणायचे.

माझं काम क्वालिटी कंट्रोलचं. प्रत्येक लॉटमधून चिमूटभर पूड घ्यायची, विरघळवायची, तिची ताकद मोजायची आणि लॉट पास की फेल ते लिहायचं. बी.एस्सी. झाल्यावर मी तिथे लागले तेव्हा मला पिपेट नीट धरता येत नव्हतं. शिकवलं ते आमच्या लॅबच्या साहेबांनी. ते कधी ओरडले नाहीत, पण एक गोष्ट मात्र त्यांनी माझ्या डोक्यात ठोकून ठोकून बसवली. "आधी कोरी बघायची," ते म्हणायचे. कोरी म्हणजे ज्या नळीत माल घातलेला नाही, नुसतं पाणी आहे, ती. "कोरी जर काही दाखवत असेल, तर बाकीच्या नळ्यांचं एक अक्षर खरं मानायचं नाही."

साहेबांना वास येत नसे. अमोनियाची बाटली उघडली की आम्ही दोन पावलं मागे सरायचो, ते मात्र तसेच उभे. "तळोज्याने माझं नाक खाल्लं," असं ते हसत सांगायचे, आणि आम्हालाही ते खरंच वाटायचं. रसायनांत आयुष्य काढलेल्या माणसाचं नाक जाणारच, त्यात नवल काय? ते रिटायर झाले तेव्हा सहीचं अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं होतं. त्यानंतर वर्षभरात कळलं की त्यांना कंपवात आहे.

पुढे कंपनीने कारखाना गुजरातला हलवला. ज्यांना जायचं ते गेले. मी गेले नाही. नवऱ्याची नोकरी कळंबोलीत, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. घरही तिथेच, कळंबोलीत. आठ महिने मी घरी बसले. त्या आठ महिन्यांत मला पहिल्यांदा कळलं की मला कामाची किती सवय झाली होती. मी घरातल्या मसाल्यांच्या डब्यांवर तारखा लिहायला लागले, तेव्हा नवरा म्हणाला, "तू कुठेतरी अर्ज कर बाई. नाहीतर उद्या तू मला पण पास-फेल करशील."

जाहिरात त्यानेच दाखवली. नवी मुंबईतल्याच एका संशोधन संस्थेत सहा महिन्यांसाठी तांत्रिक सहायक हवा होता. वय, शिक्षण, अनुभव, सगळ्यात मी काठावर. तरी गेले.

मुलाखत प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या खोलीत होती. साठीच्या आसपासच्या, कॉटनची साडी, चष्मा डोक्यावर. त्या माझा कागद वाचत होत्या आणि मी त्यांच्या मागच्या पांढऱ्या फळ्याकडे बघत होते. फळ्यावर एका रसायनाची रचना काढलेली. दोन कड्या, मध्ये दुहेरी जोड, बाजूला शेपट्या. मला एकदम माहेरचं माणूस दिसल्यासारखं झालं.

"रंगांच्या कारखान्यात होतात," मॅडम म्हणाल्या. "आमचं काम जरा वेगळं आहे. आम्ही प्रथिनांवर काम करतो."

"मॅडम, ते फळ्यावरचं… ते स्टिल्बीन आहे ना?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुम्हाला कसं माहीत?"

"आम्ही हेच बनवायचो. म्हणजे हे नाही, याची चुलत बहीण. टनांनी बनवायचो."

मॅडम मागे वळून फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्ही याचे मिलिग्रॅम बनवतो. आणि तेही धड वागत नाही. सोमवारी या."

ते रसायन कशासाठी होतं हे मला समजायला दोन आठवडे लागले. मला समजलं तसंच सांगते. आपल्या मेंदूच्या पेशींमध्ये एक प्रथिन असतं, सुट्या दोऱ्यासारखं. कंपवाताच्या आजारात या दोऱ्यांचा गुंता होतो. आधी दोन-चार दोरे एकमेकांना चिकटून बारीक गाठी होतात, मग गाठींना गाठी लागून लांब, टणक तंतू तयार होतात. तंतू झाले की ते ओळखणं सोपं. त्यासाठी जगभर एक पिवळा रंग वापरतात. तो तंतूंना चिकटला की चमकतो. पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. नुकसान त्या सुरुवातीच्या बारीक गाठी करतात असं आता अनेकांना वाटतं, आणि त्या गाठींना पिवळा रंग ओळखत नाही. मॅडमना असा रंग हवा होता जो गाठी बारीक असतानाच चमकेल.

"म्हणजे हात थरथरायला लागायच्या आधीच कळेल?" मी विचारलं.

"आज नाही. आज आपण काचेच्या नळीतल्या प्रथिनाबद्दल बोलतोय. पण रस्ता तोच आहे," मॅडम म्हणाल्या. "हात थरथरतो तोपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. त्याच्या कितीतरी वर्षं आधी शरीर इशारे देत असतं. झोपेत हातपाय झाडणं, अक्षर बारीक होणं. कित्येकांचा वास जातो. लोक म्हणतात सर्दी असेल."

मला साहेब आठवले. आम्ही सर्दी म्हटलं नव्हतं, आम्ही तळोजा म्हटलं होतं. साहेब अमोनियाच्या बाटलीपाशी हसत उभे असायचे तेव्हा आजार त्यांच्या अंगात येऊन बसलेला होता, आणि मी रोज त्यांच्याशेजारी उभी राहून दुसऱ्याच गोष्टी मोजत होते.

या रंगावर प्रत्यक्ष काम करत होती एक पीएच.डी. करणारी मुलगी. रत्नागिरीची. बारीक, भराभर चालणारी, आणि गेले कित्येक महिने वैतागलेली. रंग तिने स्वतः बनवला होता. अडचण अशी, की तो कधी गाठींवर छान चमके, तर कधी चमकतच नसे. आणि त्याहून वाईट म्हणजे, कधी कधी ज्या नळीत प्रथिनच नाही तीही चमके.

"ताई, मला आता वाटतं हा रंगच खोटारडा आहे," पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली. "मॅडम सांगतात प्रथिन पुन्हा शुद्ध कर. चार वेळा केलं. आता पाचव्यांदा करते."

"प्रथिन राहू दे," मी म्हटलं. "मला कोऱ्या दाखव."

"कोऱ्या म्हणजे?"

"ब्लँक गं. नुसत्या पाण्याच्या."

तिने मला तिची वही दिली. मी ती दोन दिवस वाचली. मला प्रथिनातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे मी प्रथिनाचे आकडे सोडूनच दिले आणि फक्त कोऱ्यांचे आकडे एका कागदावर उतरवले. तारीख आणि आकडा, तारीख आणि आकडा. कोऱ्या काही दिवस शांत होत्या, काही दिवस बोलत होत्या. यंत्र तेच, नमुने घालायची खळग्यांची प्लेट तीच, पाणी त्याच टाकीतलं. मग बदलत काय होतं? प्रथिन आणि रंग ज्यात मिसळायचे ते क्षारांचं पाणी ज्या काचेच्या बाटल्यांत ठेवायचे, त्या बाटल्या. त्या सात-आठ होत्या आणि एकसारख्या दिसत. कोणती कधी वापरली ते कुणी लिहीतच नव्हतं.

कारखान्यात आम्ही बादलीलासुद्धा नंबर द्यायचो. मी मार्कर घेतला आणि सगळ्या बाटल्यांवर आकडे घातले. मग मुलीला म्हटलं, "तुमच्याकडे तो जांभळा दिवा आहे ना, हातात धरायचा? आण बरं. आणि पडदे ओढ."

दुपारचे बारा वाजले असतील. तिने पडदे ओढले, मी मोठा दिवा बंद केला आणि हातातला दिवा लावून बाटल्यांवरून फिरवला. पहिली बाटली काळी. दुसरी काळी. तिसऱ्या बाटलीच्या गळ्याशी, आतून, निळी चमक होती. बुडाशी तसेच दोन-तीन ठिपके, आणि कडेला कापसाच्या धाग्याएवढा एक तुकडा तर असा चमकत होता की मी दिवा हातात घेऊन हसायलाच लागले.

"काय झालं ताई?"

"अगं, हा माझा माल आहे! हा ब्राइटनर आहे. एकोणीस वर्षं बघितलाय मी हा निळा. बाटल्या कशाने धुता तुम्ही?"

मुलगी हळूच म्हणाली, "लॅबचा साबण संपलाय. मागणी केलीय, पण मंजुरी यायची आहे. म्हणून मी… मी घरून कपड्यांची पावडर आणते. चांगल्या ब्रँडची आणते ताई. आणि मग स्वच्छ फडक्याने पुसते. फडकीपण मीच धुते, रूमवर."

तिचा चेहरा रडवेला झाला होता. जिने साबणाची वाट न बघता स्वतःच्या पैशाने पावडर आणली, फडकी घरी नेऊन धुतली, तिच्याच स्वच्छतेने घात केला होता. सुती फडक्यात तर ब्राइटनर ठासून बसतो. त्यासाठीच तो बनवलेला असतो. फडक्याचे तंतू बाटलीत राहत, तिथून थोडं पाण्यात उतरे, आणि जी चमक मोजायची ती इतकी सूक्ष्म की एवढंही पुरे होई.

"तुझा रंग खोटारडा नाही," मी म्हटलं. "त्याच्यात माझा रंग मिसळत होता. दोघे एका घराण्यातले, यंत्राला फरक कळणार कसा?"

ती आधी हसली आणि मग खरंच रडली. तेवढ्यात मॅडम दारात आल्या. अंधारात आम्ही दोघी, एक रडतेय, एकीच्या हातात जांभळा दिवा. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. मी त्यांना तिसरी बाटली दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "चार वेळा मी हिला प्रथिन धुवायला लावलं." मग त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सॉरी गं." इतक्या मोठ्या हुद्द्याचं माणूस आपल्या विद्यार्थिनीची माफी मागतंय हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवसापासून मला ती लॅब माझी वाटायला लागली.

ब्राइटनर कसा मारायचा ते मला ठाऊक होतं. ब्लीचच्या पाण्यात बाटल्या बुडवल्या, मग शुद्ध पाण्याने विसळत राहिलो, जांभळ्या दिव्याखाली पूर्ण काळ्या दिसेपर्यंत. फडकी कायमची बंद. कोऱ्या शांत झाल्या.

पण अर्धंच काम झालं होतं. आता कोऱ्या चमकत नव्हत्या, मात्र गाठींवरसुद्धा रंग मनासारखा चमकत नव्हता. एका दिवशी कमाल, दुसऱ्या दिवशी निम्मा. बाटल्या साफ, प्रथिन शुद्ध, सगळं लिहिलेलं. तीन आठवडे आम्ही डोकं आपटत होतो. माझे सहा महिन्यांतले तीन संपत आले होते आणि मला मनातून भीती वाटायला लागली होती की बाटल्या धुण्यापलीकडे आपल्याला काही येत नाही.

एका रविवारी मी साहेबांकडे गेले. ते आता करंजाड्याला राहतात, मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये. बरेच महिने जाणं झालं नव्हतं. दार त्यांच्या बायकोने, वहिनींनी उघडलं. साहेब बाल्कनीतल्या खुर्चीत बसले होते. चेहरा हलत नव्हता, उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता. पण डोळे तेच.

"ये," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मला खुर्ची जवळ ओढावी लागली.

मी त्यांना सगळं सांगितलं. बाटलीतल्या ब्राइटनरची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांच्या ओठांचा एक कोपरा जरासा वर गेला. वहिनी म्हणाल्या, "हसतायत बघ. कितीतरी दिवसांनी." मग मी वासाचं सांगितलं. सांगावं की नाही याचा विचार वाटभर केला होता. पण ते रसायनातले माणूस, त्यांच्यापासून लपवायचं काय? "साहेब, नाक तळोज्याने नव्हतं खाल्लं."

वहिनी म्हणाल्या, "वरण करपून धूर झाला तरी यांना कळायचं नाही. मी भांडायचे. लक्ष कुठे असतं तुमचं म्हणून."

"कळलं असतं," साहेब म्हणाले, "तर काय केलं असतं?"

"आज काहीच नाही साहेब. औषध अजून नाही. पण औषध शोधणाऱ्यांना लवकरचं माणूस मिळायला हवं ना. उशिराच्या माणसावर औषध लागू पडलं की नाही हेच कळत नाही, असं मॅडम म्हणतात."

त्यांनी मान हलवली. मग मी आमची अडचण सांगितली. रंग एक दिवस चमकतो, एक दिवस नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "रचना?"

मी पिशवीतून कागद काढून दाखवला. त्यांचं थरथरणारं बोट मधल्या दुहेरी जोडापाशी आलं आणि तिथेच थरथरत राहिलं.

"ठेवता कुठे?"

"फ्रीजमध्ये."

"काम करताना?"

"टेबलावर. खिडकीपाशी. उजेड चांगला आहे तिथे."

ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी शिकाऊ असताना चूक केली की ते असेच बघायचे, माझी मला सापडेपर्यंत. आणि ती सापडली.

कारखान्यात ताकद मोजायची खोली अंधारी होती. एकोणीस वर्षं मी त्या खोलीत लाल दिव्याखाली काम केलं होतं. कारण ही रसायनं विरघळलेल्या अवस्थेत उजेडात ठेवली की मधला जोड फिरतो. सरळ रेणू वाकडा होतो आणि वाकडा झाला की चमकत नाही. हे मला पाठ होतं. पण ते ब्राइटनरचं शास्त्र म्हणून पाठ होतं. ही लॅब मोठी, हा रंग औषधातला, इथे सगळे डॉक्टर, त्यांना हे ठाऊक असणारच असं मी धरून चालले होते. आणि लॅबमधले सगळे धरून चालले होते की मुलगी काळजी घेत असेल. ढगाळ दिवशी प्रयोग छान व्हायचा, लख्ख ऊन पडलं की बिघडायचा. एवढंच होतं ते.

"उजेड," मी म्हटलं.

"उजेड," साहेब म्हणाले. त्या दोन तासांतला त्यांचा तो सगळ्यात स्पष्ट शब्द होता.

सोमवारी मी घरून अॅल्युमिनियम फॉईलचा रोल घेऊन गेले, पोळ्या गुंडाळायचा. रंगाच्या सगळ्या नळ्या त्यात गुंडाळल्या. आतली एक छोटी खोली रिकामी करून घेतली, खिडकीला काळा कागद लावला, लाल दिवा लावला. मुलगी म्हणाली, "ताई, फोटो स्टुडिओ झाला हो हा." मॅडमना मी कारण सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "पुस्तकात आहे हे," त्या म्हणाल्या. "मी स्वतः शिकवलंय कधीकाळी."

त्यानंतरचा प्रयोग मी विसरणार नाही. एका प्लेटमध्ये शेजारी शेजारी दोन रंग: जुना पिवळा आणि आमचा. दोन्हींत तेच प्रथिन. यंत्र दर दहा मिनिटांनी मोजत होतं आणि पडद्यावर ठिपके उमटत होते. कोऱ्या खाली जमिनीला चिकटून. जुना रंगही खाली, आडवा, गपगार. तासाभराने आमच्या रंगाचा ठिपका किंचित वर आला. मुलगी म्हणाली, "चुकून असेल." पुढचा त्याहून वर. त्याच्या पुढचा आणखी वर. आम्ही दोघी जेवायला गेलो नाही. डबे बाजूला तसेच. दुपारपर्यंत आमची रेघ टेकडीसारखी चढली होती आणि जुना रंग अजून झोपलेला. तो जागा झाला तेव्हा संस्थेतली माणसं घरी निघायला लागली होती.

मॅडमनी लगेच आनंद दाखवला नाही. "पुन्हा करा," त्या म्हणाल्या. आम्ही पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. दुसऱ्या एका संस्थेतल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला ते नमुने पाठवले. तिथून चित्रं आली. आमची रेघ जेव्हा वर चढायला लागली होती, नेमक्या त्याच वेळच्या नमुन्यात गोल गोल बारीक गाठी दिसत होत्या, तंतू एकही नव्हता. तरी मॅडमचं समाधान नाही.

"आता आंधळी परीक्षा," त्या म्हणाल्या. "कोणती नळी कोणती हे तुम्हा दोघींना ठाऊक असता कामा नये."

मॅडमनी स्वतः बारा नळ्या भरल्या. काहींत ताजं प्रथिन, काहींत बारीक गाठी झालेलं, काहींत पूर्ण तंतू झालेलं, काहींत गाठी न होणारं दुसरंच प्रथिन, आणि काही कोऱ्या. नंबर घालायचं काम मॅडमनी संस्थेच्या ऑफिसातल्या क्लार्कना दिलं. त्यांना या विषयातलं काही ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना निवडलं होतं. त्यांनी उत्तरांचा कागद पाकिटात घालून, वर सही करून, स्वतःच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केला.

लाल दिव्यात मी त्या बारा नळ्यांत रंग घातला. हात स्थिर होता. मुलीने यंत्र वाचलं. आम्ही दोघींनी मिळून कागदावर बारा उत्तरं लिहिली. सातव्या नंबरवर आमचं भांडण झालं. ती म्हणाली कोरी, मी म्हणाले बारीक गाठी, अगदी नुकत्या सुरू झालेल्या. "चमक किती कमी आहे बघा ना ताई." "कमी आहे, पण कोरी नाही ती. कोरी मला कळते." शेवटी तिने माझं लिहिलं.

क्लार्क पाकीट घेऊन वर आले तेव्हा त्यांनी शर्ट नीट खोचला होता, जणू बक्षीस समारंभच आहे. मॅडमनी पाकीट फाडलं आणि एकेक नंबर वाचायला लागल्या. एक, बरोबर. दोन, बरोबर. सहापर्यंत सगळं बरोबर. सातव्याला त्या थांबल्या.

"सात," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय लिहिलंय?"

"बारीक गाठी," मुलगी घाबरून म्हणाली.

"बारीक गाठी," मॅडमनी पाकिटातला कागद आमच्यापुढे धरला. "गाठी नुकत्याच सुरू झालेली नळी. ही मी मुद्दाम घातली होती. मला स्वतःला वाटलं नव्हतं सापडेल."

बाराच्या बारा बरोबर आल्या. मुलीने किंचाळून मला मिठी मारली, क्लार्क टाळ्या वाजवायला लागले, शेजारच्या लॅबमधली माणसं काय झालं म्हणून धावत आली. मॅडम खुर्चीत बसून राहिल्या होत्या, कागद हातात घेऊन. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मग त्यांनी पर्स उघडली आणि क्लार्कना म्हणाल्या, "खाली जाऊन सगळ्या मजल्याला पुरतील एवढे पेढे आणा."

शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा लेखकांत माझं नाव मॅडमनी दुसरं घातलं. संस्थेतल्या एका ज्येष्ठांनी हरकत घेतली. कंत्राटावरच्या तांत्रिक सहायकाचे शेवटी आभार मानतात, नाव घालत नाहीत, असं ते म्हणाले. मी तिथेच उभी होते. मॅडमनी त्यांना विचारलं, "ब्लँक का चमकतो ते तुम्ही सांगितलं असतंत?" ते म्हणाले, "तो प्रश्न नाही." "तोच प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्यासमोरच निबंधाची फाईल नियतकालिकाकडे पाठवून दिली.

निबंध छापून आला. नवऱ्याने पहिल्या पानाची प्रिंट काढून कळंबोलीच्या ऑफिसात, ट्रकच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवली. येणारा प्रत्येक ड्रायव्हर विचारायचा हे काय आहे, आणि तो माझ्या नावावर बोट ठेवून मान ताठ करून सांगायचा. पुढचं इंग्रजी त्यालाही वाचता येत नव्हतं. एक साताऱ्याकडचा ड्रायव्हर म्हणाला, "म्हंजे वहिनी डाक्टर झाल्या की." नवरा म्हणाला, "डॉक्टरांच्या चुका काढतात." घरी येऊन हे सांगताना तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

करंजाड्याला मी निबंध घेऊन गेले ते वेगळं. साहेबांचं नाव आभारांत होतं. वहिनींनी त्यांच्यापुढे पान धरलं. त्यांनी बराच वेळ वाचलं, आपलं नाव ओलांडून, मग परत आकृतीपाशी येऊन कोऱ्यांच्या रेघेवर बोट ठेवलं. "सपाट," ते म्हणाले. मला त्यांच्याकडून मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी होती.

निबंध छापून यायच्या आधीच, माझे सहा महिने संपले त्या आठवड्यात, मला आणखी तीन वर्षं ठेवून घेतल्याचं पत्र आलं होतं. निबंध आल्यावर एका हॉस्पिटलशी करार झाला: ज्यांचा वास गेलाय, पण हात अजून थरथरत नाही, अशा माणसांचे, त्यांच्या संमतीने घेतलेले, मणक्यातल्या पाण्याचे नमुने आमच्याकडे यायचे होते. रंग खऱ्या शरीरातल्या पाण्यात कसा वागतो हे आता बघायचं होतं, आणि त्याला वर्षं लागतील हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिला डबा गुरुवारी सकाळी आला, बर्फात ठेवलेल्या छोट्या नळ्यांचा. आणणाऱ्या माणसाने रजिस्टर पुढे केलं. "जबाबदार व्यक्ती कोण? सही लागेल." मुलीने आणि मॅडमनी एकाच वेळी माझ्याकडे बोट केलं. मी सही केली, वेळ लिहिली आणि डबा आत घेतला.